सावद रहा

२९ जून २०१८, शुक्रवार

परत तीच लिंक! तिसऱ्यांदा. रियाला फोनवर सांगून थकलो — ती खरं-खोटं ठरवणारी साईट एका पक्षाची आहे, तिचं ऐकू नकोस. "दादा, एकदा वाच तरी." काय वाचू? मुलं पळवणारी टोळीच नाही म्हणे! पनवेलपासून उरणपर्यंत सगळ्या ग्रुपवर मेसेज फिरला, तो काय हवेतून आला?

आणि नियाजचाचांचं झालं ते चुकून झालं. बरोबर झालं असं मी म्हणतोय का? वीस वर्षं आमच्या गव्हाणात लुनावरून पाव आणणारा माणूस. त्या दिवशी पुढे नात बसवलेली, यूम्ना. ती रडत होती, चाचांच्या तोंडाला रुमाल. कर्नाळ्याच्या अलीकडे लोकांनी अडवलं. नाव विचारलं नाही, मारलंच. आता पनवेलला दवाखान्यात आहेत. डोळे उघडत नाहीत.

ओमानात बसून मी काय करणार?

३० जून

कमलाकर म्हणाला, "बहिणीशी भांडून काय उपयोग? मोजून बघ ना. त्या साईटनं कोनाला किती वेला खोटं पाडलं. मंग कलंल बाजू कोनाची हाय ती." उरणचा आहे, माझ्या खालच्या कॉटवर झोपतो. बोलतो ते बरोबर.

वहीच्या मागच्या पानावर दोन रकाने पाडले. आपला पक्ष — त्यांचा पक्ष. जूनपासूनचं सगळं मोजणार.

३ जुलै

आपले ६, त्यांचे ६. "थांब, अजून मोज," कमलाकर म्हणतो.

चाचा तसेच.

६ जुलै, शुक्रवार

चौदा - नऊ! चौदा आपले, नऊ त्यांचे. "बघ! बोललो ना?" कमलाकरनं पाठीवर थाप मारली. मी पानाचा फोटो काढून रियाला पाठवला.

लगेच फोन. "दादा, एकीच्या टोपलीत चौदा पापलेटं सडकी निघाली, दुसरीच्या टोपलीत नऊ. मग वास घेणाऱ्याचं नाक पक्षाचं झालं का?"

मी म्हटलं, कॉलेजात जाऊन लई शहाणी झालीस. आईची टोपली डोक्यावर घे एकदा, मग पापलेटावर बोल. ती हसेल वाटलं. हसली नाही.

"नूरुन्निसाचाचींना भेटून आले. दवाखान्यात जमिनीवर बसल्यात. तुझी चौकशी करत होत्या. परेश जेवतो ना वेळेवर, म्हणाल्या."

फोन ठेवला मी.

८ जुलै

आज त्या साईटवर सगळ्यात वर लिहिलंय — आमची चूक झाली. एक व्हिडिओ त्यांनी गेल्या वर्षीचा सांगितला होता, तो त्याच्याही अगोदरचा निघाला. माफी मागितली आहे. पैसे कोण देतं त्यांची नावं पण दिलीत. मला त्यातलं एकही माहीत नाही.

"नाटक हाय रे सगलं," कमलाकर.

असेल. पण आपली चूक अशी पहिल्या पानावर कोण लावतं? मी लावली असती का?

९ जुलै

बंदरात मालाची बोट उशिरा लागणार होती. यार्डात बसून रियाची लिंक उघडली. पूर्ण वाचली, एकेका ओळीवर बोट ठेवून.

लिहिलंय, फोटो परदेशातला आहे, जुना. टोळी नाही. पोलिसांना पण विचारलं. खाली तो मेसेज छापलाय, त्यांना आला तसाच —

"सावद रहा. तोंडाला रुमाल बांदलेला माणूस पोरं पळवतोय. आदी मारा मग विचारा."

हा मी लिहिलाय.

नुसता फोटो आला होता मला, हिंदीत दोन ओळी. आपल्या लोकांना कळावं म्हणून मराठीत मीच लिहिलं. रुमाल माझाच. शेवटचं वाक्य माझंच. पाच ग्रुपवर टाकलं नि जेवायला गेलो. ह्या वहीत पण लिहिलं नव्हतं. वाटायचं, असे शंभर मेसेज फिरतात, त्यातला माझाच कशावरून?

सावद. बांदलेला. आदी. सातवीपर्यंत मास्तरांनी छड्या मारल्या तरी ते अक्षर माझ्या हातात बसलं नाही. रिया लहानपणी ओरडायची — "दाद्या, ध! धोतराचा ध!"

मी म्हणत होतो, ही साईट सगळं फिरवून सांगते. माझा चुकलेला द पण नाही फिरवला त्यांनी.

१० जुलै

रियाला विचारलं, तुला पहिल्या दिवसापासून माहीत होतं?

"हो."

मग बोलली का नाहीस!

"तू वाचशील, असं वाटत होतं."

११ जुलै

नियाजचाचा गेले. डोळे उघडलेच नाहीत.

१३ जुलै, शुक्रवार

कमलाकरला सगळं सांगितलं. म्हणाला, "पैशे टाक, पन नाव नको सांगू. येडा हायस काय?"

चाचींना फोन लावला. म्हटलं, चाची, तो मेसेज मी लिहिला होता. मागे यूम्ना कोणाला तरी पाणी मागत होती. मी फोन कानालाच लावून होतो. मग चाची म्हणाल्या, "दवाखान्याचं बिल एकसष्ट हजार चारशे झालंय, परेश, तेवढं पाठव. त्याच्यावर एक रुपया नको. आणि परत फोन करू नकोस, बेटा."

पाठवले — ६१,४०० रुपये.