कबुतरे मुदतीवर येत नाहीत

धायरी, पुणे ४१
संक्रांतीनंतरचा रविवार, २००८

तीर्थरूप रंगरावमामांच्या व मामींच्या पायांवर भाचा वैजनाथ याचे डोके. आम्ही येथे सगळे धडधाकट आहोत. आपली रक्तदाबाची गोळी सकाळची की संध्याकाळची, यावरून डॉक्टरांशी चाललेले आपले भांडण मिटले असेल (म्हणजे डॉक्टरांनी माघार घेतली असेल) असे धरून चालतो. मामींनी गुडघ्याला तेल चोळणे सोडू नये. आपण मूर्तिजापुरात सगळ्यांना "आमचा वैजू पुण्यात कंप्युटरच्या कंपनीत साहेब आहे" असे सांगता, हे कानावर आले. ते तसेच राहू द्यावे. पण घरच्या माणसांना खरे माहीत असावे, म्हणून वर्षभर माझे पत्र का आले नाही ते आज सविस्तर लिहितो.

मी कंप्युटरच्या कंपनीत होतो हे खरे. कंपनी बाणेरच्या पुढे, नाव नेक्सोव्हिया (हे मला नीट म्हणता यायला लागले आणि नेमके तेव्हाच मला घरी बसवले). इमारत सगळी काचेची. आत पोरे-पोरी बसून अमेरिकेतल्या दवाखान्यांची कामे करतात आणि बाहेर प्रत्येक कठड्यावर, एसीच्या प्रत्येक पेटीवर कबुतरे बसतात. काचेत त्यांना आणखी एक कबूतर दिसते, आणि त्याला भेटायला आलेली ती मग मुक्कामच ठोकतात. त्यांची पिसे एसीत जातात, एसी बंद पडतो, आणि एसी बंद पडला की अमेरिका बंद पडते. म्हणून कंपनीने एक लांब बांबू, त्याला बांधायला लाल फडके आणि ते हलवायला एक माणूस ठेवला. तो माणूस मी. माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावर "बर्ड कंट्रोल असोसिएट" असे छापले होते, तेव्हा आपण साहेब म्हणता ते अगदीच खोटे नाही.

नोकरी अकरा महिन्यांच्या कराराची. या कंपनीत काहीही संपले की केक कापतात, त्यामुळे करार संपला की माझा निरोप समारंभ व्हायचा. सुरुची मॅडम (माणसे ठेवण्याचे आणि न ठेवण्याचे खाते यांच्याकडे, रागावतात इंग्रजीत, सॉरी म्हणतात मराठीत) माझ्यावर भाषण करायच्या आणि शोभेच्या झाडांच्या कुंड्या द्यायच्या. मग मी आठवडाभर घरी बसायचो, आणि पुढच्या सोमवारी नव्या करारावर सही करून तोच बांबू घेऊन त्याच कबुतरांच्या मागे लागायचो. पहिल्या निरोपाला मी खरोखर रडलो. दुसऱ्याला माझ्याबरोबर इतर कोणीच रडले नाही म्हणून लवकर आवरले. तिसऱ्याला केक कोणता आणायचा हे मलाच विचारले. आमच्या दारात इतक्या कुंड्या झाल्या, की येणारे-जाणारे नर्सरी समजून भाव विचारतात.

चौथ्या निरोपानंतर सोमवारी गेलो, तर वॉचमनने फाटक उघडले नाही. सुरुची मॅडम खाली आल्या. त्या म्हणाल्या, "वैजनाथ, आता यायचं नाही."

"म्हणजे मला काढलं?"

"नाही, नाही! तुम्हाला कोणी काढलेलं नाही. तुमचा करार संपलाय."

"मग उद्या येऊ?"

"नाही."

"म्हणजे काढलंच ना, मॅडम?"

"अहो, संपलाय! आपला आपण. सॉरी."

मामा, मी फाटकाबाहेर बराच वेळ उभा होतो. वरच्या कठड्यावर कबुतरे ओळीने बसलेली दिसत होती आणि हाताला बांबू नव्हता. ज्याला काढले त्याला निदान कोणावर तरी रागावता येते. माझे कोणी काढणारेच नव्हते. घरी येऊन शालनला सगळे सांगितले. ती पोळ्या लाटत होती. लाटणे न थांबवता म्हणाली, "मीठ सरलं म्हणून सयपाक बंद करते का कोणी? सरलं तर नवीन आणा म्हणा." एवढ्या दोन वाक्यांत माझा सगळा दावा होता, पण ते मला पुढे वकिलांकडून कळले.

मधले महिने वाईट गेले. मार्केट यार्डात एका कांद्याच्या गाळ्यावर पोती मोजायला उभा राहायचो. शालनने आजूबाजूच्या आयटीतल्या पोरांना डबे सुरू केले. शेजारीपाजारी ती मी रजेवर असल्याचे सांगायची, आणि एवढी मोठी रजा मिळते म्हणून लोकांत माझा मान वाढत चालला होता. अंगाला कांद्याचा वास घेऊन घरी यायचे आणि जिन्यात मान खाली न घालता "कशी चाललीय सुट्टी?" याला उत्तर द्यायचे, हे फार जड जायचे.

शेवटी कोणीतरी श्रीनिवास गोवंडे वकिलांचे नाव सांगितले. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर बसतात. माझी हकीगत त्यांनी डोळे मिटून ऐकली. मला वाटले झोपले. म्हणून थांबलो तर म्हणाले, "थांबलात का? मी फी ऐकण्याची घेतो, झोपण्याची नाही." मग समजावून सांगितले, की मुदतीचा करार संपला म्हणून नोकरी संपली, तर कायदा सहसा कंपनीचे ऐकतो. पण काम बारमाही असेल आणि माणसाला कायम करायला नको म्हणूनच तुकडे पाडून ठेवले असेल, तर ती लबाडी. "तेव्हा तुमचा करार मुदतीचा होता की नाही, हा प्रश्नच नाही," ते म्हणाले. "कबुतरं मुदतीवर येत होती का, एवढंच कोर्टाला दाखवायचं."

गोवंड्यांनी कामगार कोर्टात दावा लावला. कंपनीने लेखी कैफियतीत म्हटले, की शेजारी बांधकाम चालू असल्यामुळे कबुतरे तात्पुरती आली होती, आता गेली, सबब काम उरले नाही. मग माझी उलटतपासणी. कंपनीचे वकील मोठे गोड माणूस. त्यांनी विचारले, "तुम्ही कबुतरं हाकलत होता?" म्हटले, हो. "मन लावून?" म्हटले, अगदी मन लावून. "मग ती जात असतील?" म्हटले, जाणार नाहीत तर काय, माझ्यासमोर टिकतील? "म्हणजे गेली. म्हणजे काम संपलं!" मामा, आता मी काय म्हणायचे होते? नीट हाकलली म्हटले तर काम संपलेले, आणि नीट हाकलली नाहीत म्हटले तर कामचुकार म्हणून काढायला मोकळे. मी अब्रूदार घरातला असल्यामुळे नीट हाकलली असेच सांगितले. गोवंडे वकिलांनी कपाळाला हात लावला. मग उठून एकच प्रश्न विचारला, "गेलेली कबुतरं परत कधी यायची?" मी म्हटले, "साहेब, चहा पिऊन होईपर्यंत." न्यायाधीशांनी (हसले नाहीत, चष्मा पुसला) प्रत्यक्ष जागेवर कबुतरे आहेत की नाहीत हे बघायला कमिशनर नेमला. कमिशनर म्हणून हेमाताई दाते नावाच्या वयस्क वकीलबाई ठरल्या. गोवंडे मला म्हणाले, "तारीख कळवीन. तोपर्यंत त्या कबुतरांना जगू द्या."

आणि येथे मामा, माझे डोके फिरले म्हणा किंवा काही म्हणा. त्यानंतर थोड्याच दिवसांत मला कंपनीतून फोन. बोलणारे आमोदसाहेब, इमारतीची देखभाल पाहणारे नवे अधिकारी. त्यांना कोर्टाचे काहीच माहीत नव्हते (तिसरा मजला चौथ्या मजल्याशी फक्त ईमेलवर बोलतो). म्हणाले, "वैजनाथ, उद्या कोणी मोठ्या मॅडम येताहेत. एकही कबूतर दिसता कामा नये, असं वरून सांगितलंय. दोन एजन्सी आणून बघितल्या, यार, कबुतरं त्यांना बघून सरकतसुद्धा नाहीत. सगळे म्हणतात हे काम तुम्हीच करू शकता." मला वाटले, अमेरिकेच्या कोणी पाहुण्या असतील. पण खरे सांगू? पाहुणे कोण हे मी विचारलेच नाही. तुम्हीच करू शकता, हे वाक्य मला चार केकांत मिळून कोणी म्हटले नव्हते.

उजाडताच गच्चीवर गेलो. बांबू हातात आला आणि अंगात काय संचारले कोण जाणे. कठडे, पेट्या, पाण्याच्या टाकीमागची फट, कुठे पीस शिल्लक ठेवले नाही. इमारत धुतल्यासारखी मोकळी केली आणि घाम पुसत उभा राहिलो, तोच गोवंडे वकिलांचा फोन.

"कुठे आहात? घरी सकाळपासून फोन करतोय. हेमाताई अकरा वाजता कंपनीत येणार. लगेच निघा."

"साहेब, मी कंपनीतच आहे."

"कमाल आहे. आयुष्यात एकदा तरी वेळेवर. कबुतरं आहेत ना?"

"एकही नाही साहेब! सगळी मी हाकलली."



यावर ते जे बोलले ते मामींना वाचून दाखवू नये. मी धावत जाऊन कँटीनमधून ज्वारी मागून आणली, गच्चीभर उधळली, आणि "या, या, आ आ आ" करत आभाळाकडे हात पसरून उभा राहिलो. पण चार वर्षे ज्याने लाल फडके दाखवले, त्याच्या शब्दावर कबूतर का विश्वास ठेवील? समोरच्या इमारतीवर सगळी बसून माझ्याकडे बघत होती. अशात जिन्याचे दार उघडले आणि हेमाताई, कंपनीचे वकील, सुरुची मॅडम आणि मागे धापा टाकत गोवंडे असे सगळे गच्चीवर आले. एका हातात बांबू, दुसऱ्या हातात ज्वारी, असा मी मधोमध.

कंपनीचे वकील खूश झाले. "बघा मॅडम, कबूतर नाही. काम संपलेलं आहे."

हेमाताईंनी माझ्याकडे बोट केले. "हे कोण?"

"हेच अर्जदार. करार संपल्यामुळे आता येत नाहीत."

"येत नाहीत? मग हे काय करताहेत?"

कोणी काही बोलायच्या आत आमोदसाहेब पुढे झाले. बिचारा मनाचा चांगला. म्हणाले, "मॅडम, आमचाच माणूस आहे. मीच बोलावलं. हे नसले तर तासाभरात गच्ची भरते. रोजचंच आहे ते, बारा महिने!" सुरुची मॅडमनी त्यांच्या पायावर पाय दिला, पण त्यांना वाटले चुकून पडला, म्हणून "इट्स ओके" म्हणाले. गोवंडे वकिलांनी डोळे मिटून घेतले होते. हेमाताईंनी सगळे लिहून घेतले आणि शांतपणे विचारले, "उद्याही यांना बोलावणार का?" आमोदसाहेब म्हणाले, "म्हणजे काय? यायलाच लागेल."

अहवाल कोर्टात गेला आणि कंपनीने स्वतःहून तडजोड केली. न्यायाधीशांसमोर मला कायम करून घेतले. शालनला सांगितले तर ती पदराने डोळे पुसत आत गेली आणि आतून म्हणाली, "आता केक खाऊ नका कुठं." त्या दिवशी मी जिना छाती काढून चढलो, आणि रजा संपल्याचे प्रत्येकाला थांबवून सांगितले.

घरातल्या लहानांना गोड पापा, थोरांना दंडवत, आणि गोळी डॉक्टर म्हणतील तेव्हाच घ्यावी.

आपला कायम भाचा (या शब्दाची आता सवय लावून घेतो आहे),
वैजनाथ काळमेघ

ता. क. आमोदसाहेबही करारावरच होते. त्यांचा करार मागच्या महिन्यात संपला. गोवंडे वकिलांचा पत्ता मी त्यांना दिला आहे.

ता. क. २. पत्र लिहिण्याचे मुख्य कारण राहिलेच. त्या दिवशी गेलेली कबुतरे अजून परत आलेली नाहीत. समोरच्या कंपनीत सुखाने राहतात. मी रोज वेळेवर जाऊन बांबू घेऊन नुसता उभा असतो. परवा सुरुची मॅडम गच्चीवर आल्या, चारी बाजूंना पाहिले आणि म्हणाल्या, "काम कसं चाललंय?" मी म्हटले, "मान वर करायला वेळ नाही." तरी आपल्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या पत्र्यांवरची कबुतरे टोपलीत घालून पुण्याच्या ट्रॅव्हल्सने पाठवावीत. ड्रायव्हरने विचारले तर गावरान कोंबड्या सांगावे. नर-मादी नीट बघून जोड्याच पाठवाव्यात. मला अजून निवृत्तीपर्यंत काढायचे आहे.