खडूने आखलेले लाल डाग

२ फेब्रुवारी
गाडीखाली डाग. लाल, बशीएवढा. ही म्हणाली, रक्त सांडल्यासारखं दिसतंय. काहीही बोलते! गिअरबॉक्सचं ऑइल आहे, ऑटोमॅटिक गाडीत ते लालच असतं. गाडीला एकोणीस वर्षं झाली. थोडं झिरपायचंच.
लेकीसमोर विषय काढायचा नाही. बाळंतपणासाठी आली आहे, डॉक्टरांनी २६ तारीख दिली आहे. जावई जहाजावर. हॉस्पिटल चौदा किलोमीटर. लेकीला मीच नेणार, हे सगळ्यांना सांगून ठेवलंय.

३ फेब्रुवारी
मेकॅनिकला दाखवलं. गाडीखाली आडवा झाला, बाहेर आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, काका, सील गेलंय. गिअरबॉक्स उतरवावा लागेल, गाडी आठवडाभर ठेवा. तोवर चालवू नका, ऐन वेळी जागची हलणार नाही.
घाबरवायचे धंदे. बत्तीस वर्षं पाणीखात्यात गळत्या शोधण्यात गेली, आणि हा मला गळती शिकवणार! शिवाय आठवडाभर गाडी नाही आणि नेमकी तेव्हाच वेळ आली तर? परत घेऊन आलो.

४ फेब्रुवारी, सकाळी ७
खात्याची पद्धत सुरू. संध्याकाळी फरशी पुसायची, सकाळी डागाभोवती खडूने रेघ, बाजूला तारीख. डाग वाढला तर खोदायचं, घटला तर फाइल बंद. आज अठरा सेंटिमीटर. रोज मोजणार. एकही दिवस चुकवणार नाही.

७ फेब्रुवारी
बावीस. (५ आणि ६ ला पाठ धरली होती.) ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून पाहिली. खुणेपर्यंत भरलेलं! म्हणजे गळतंय, पण कमी होत नाही. ही म्हणाली, असं कसं होईल? म्हटलं, जुन्या गाड्यांचं बांधकामच वेगळं.

१० फेब्रुवारी
रिव्हर्स टाकला की गाडी पाच सेकंद विचार करते, मग धक्का देऊन निघते. मी तरी खुर्चीतून कुठे पटकन उठतो?
लेक शेजारी बसली होती, पोटावर दोन्ही हात. म्हणाली, बाबा, एखाद्या टॅक्सीवाल्याचा नंबर घेऊन ठेवू या का? मी हसण्यावारी नेलं. नंतर वाईट वाटलं. बापावर एवढाही भरवसा नाही?

१४ फेब्रुवारी
पंधरा! उतार पडला.

१७ फेब्रुवारी
नऊ. पट्टी भरलेलीच. हिला मुद्दाम खाली बोलावून खडूच्या रेघा दाखवल्या. ती डागाकडे नाही, माझ्याकडेच बघत राहिली.
चढावर इंजिन केकाटतं, गाडी मात्र सावकाश. जळका वासही येत होता. कोणीतरी कचरा पेटवला असणार.

१९ फेब्रुवारी
डागच नाही. फरशी कोरडी. फाइल बंद!
मेकॅनिकला फोन करून ऐकवलं. तो विचारतो, काका, पट्टी कुठली बघता? म्हटलं, पुढची, पिवळ्या मुठीची. त्यावर मोठमोठ्याने काहीतरी सांगायला लागला. मी फोन ठेवून दिला. हरलेल्या माणसाशी कशाला वाद घाला?

२१ फेब्रुवारी, दुपारी २.१०
लेकीला कळा सुरू. पाच दिवस आधीच. ही म्हणते टॅक्सी बोलवा. किल्ली माझ्या हातात आहे. निघतो.

२१ फेब्रुवारी, संध्याकाळी
पुलाच्या चढावर गाडी थांबली. इंजिन बोंबलतंय, चाकं ढिम्म. मग मागे घसरायला लागली. मागे ट्रक. दोन्ही पाय ब्रेकवर दाबून धरले. लेक ओरडली नाही. तिने एकदाच विचारलं, बाबा, गाडी जात का नाहीये? आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो.
हिने भर रस्त्यात उतरून लॉण्ड्रीची व्हॅन अडवली. चादरींच्या गाठोड्यांवर लेकीला निजवलं. मीही चढायला गेलो, तर ही म्हणाली, तुम्ही गाडीजवळ थांबा.
मेकॅनिक आला. पिवळ्या मुठीची पट्टी इंजिनची. गिअरबॉक्सची वेगळी, मागे, खाली दडलेली. काढून दाखवली. कोरडी ठाक. म्हणाला, काका, गळायला काही उरलंच नव्हतं.
खात्यात असं कधी झालं नाही. तिथे मागे धरण असायचं.

२२ फेब्रुवारी
मुलगी झाली. नाळ मानेभोवती अडकली होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, अजून वीस मिनिटं गेली असती तर... आता दोघी बऱ्या आहेत. नात काचेच्या पेटीत आहे, उद्या बाहेर काढतील. काचेवर हात ठेवून उभा होतो, तर नर्सने बाजूला सरकवलं.
लेकीला विचारलं, काय करू तुझ्यासाठी? औषधं आणू? जावयांना फोन लावू? घरी न्यायची काही व्यवस्था बघू? तिने माझा हात हातात घेतला. अगदी मायेने म्हणाली, बाबा, तुम्ही काही करू नका.
दुपारभर हे वाक्य उलटसुलट करून पाहिलं. त्यात कौतुक कुठेच सापडलं नाही.