घासलेल्या फरश्या

रविवार, संध्याकाळ. कोल्हापूर.

आईवर केवढी ओरडले मी. एवढं ओरडायला हवं होतं का?

रत्नागिरीच्या खडकांना चिकटणारे बार्नकल, म्हणजे कवचवाले छोटे समुद्री जीव, हा माझा अभ्यास. त्यांच्या अळ्या पोहत येतात आणि जुन्या बार्नकलचा वास लागेल तिथंच कायमच्या चिकटतात. प्रयोगासाठी तो वास मुरवलेल्या फरश्या मी घरी आणल्या, आणि आईनं आज घाण येते म्हणून साबणानं घासून लख्ख केल्या! माझी मेहनत मोरीत.

शेवटी तिला समजावलं. वास गेला की अळीला कळतच नाही, इथं आपलं कुणी राहत होतं.

आई म्हणाली, "आदी सांगायचं न्हाय व्हय? तुजी आज्जी जाऊन दोन वर्सं झाली. तिचं लुगडं मी अजून धुतलं न्हाय."