पाहुणी नव्हती ती

८ डिसेंबर, सोमवार

सकाळची हजेरी. ही : गुडघा तसाच, तेल लावते आणि मलाच बोलते. वरच्या खोलीतले जोशीबुवा : खोकला कमी. पलीकडची रेश्मा : बरी आहे म्हणते, पण डोळे आत गेलेत. तिची थोरली तन्वी : ठणठणीत. धाकटी परी : नाक वाहतंय, शाळेला गेली. मी : डाव्या डोळ्याला जाळं आहे, बाकी चाललंय.

रेश्माचा नवरा जाऊन वर्ष होईल. बाप नसलेल्या मुलांना घरीच वाढवता यावं म्हणून सरकारी मदत मिळते, तिचा अर्ज तिने केला होता. आज फोन आला. गुरुवारी कचेरीतल्या मॅडम घर बघायला येणार. त्यांनी बरं लिहिलं की काम झालं.

नाही झालं तर तन्वीला मामाकडे, वांगणीच्या पुढच्या पाड्यावर. मामीला बाळ आहे, सांभाळायला कोणी हवंय. शाळेचं मग... नको तो विचार.

रेश्माला म्हटलं, काळजी करू नकोस, मी आहे.


१० डिसेंबर, बुधवार

दिवसभर अंगात नुसतं वारं भरलेलं. आपल्या घरी माणूस येणार असल्यासारखं.

रेश्माच्या खोलीत जीन्सचे गठ्ठे असतात. उल्हासनगरच्या शेठकडून आणते आणि घरी बसून धागे कापते. बसायला जागा नाही. सगळे गठ्ठे उचलून आमच्या पलंगाखाली टाकले. आमच्या दोन घडीच्या खुर्च्या तिकडे. हिची फुलाफुलांची चादर, सोनेरी काठाचे कप, मिक्सर, टेबलफॅन. ओल आलेल्या भिंतीवर पडदा ठोकला.

रेश्मा : "आबा, एवढं कशाला? बघू दे ना आहे तसं."

मी : "अगं, परकं माणूस उंबरा चढणार. गठ्ठ्यावर बसवणार काय तिला?"

तिची बोटं निळी असतात, जीन्सचा रंग. लिंबू लाव म्हणून सांगितलं. तिने घासघासून काढला. तन्वीला आमच्या नातीचा जुना फ्रॉक, छान बसला.

ही दारात उभी राहून बघत होती. "मुलगी बघायला येणार आहेत का कोणी?" म्हणाली. मी हसलो. मला मजाच वाटत होती, खरं सांगायचं तर.


११ डिसेंबर, गुरुवार

मॅडम आल्या. तरुण पोर, पायात साध्या चपला, घामाघूम. कुळगावातून चालत आली म्हणे, रिक्षावाला नाही म्हणाला.

हिचा मार्गशीर्षातला गुरुवार, शिरा होताच. काजू घालून. वाटीतून दिला. नको नको म्हणत खाल्ला बिचारीने. भूक लागली असणार.

मुलींशी गोड बोलली. मग रेश्माला : "घर छान ठेवलंय हो ताई. मिक्सर तुमचाच?"

रेश्माने माझ्याकडे बघितलं. तिला खोटं बोलता येत नाही. मीच पुढे झालो. "आहे सगळं देवाच्या कृपेने. कशाची कमी नाही. मुलींना मी आहे की, आजोबाच त्यांचा. काही कमी पडू देत नाही."

मॅडमनी मान डोलावली आणि लिहिलं.

जाताना पाया पडली माझ्या. गुणी पोर. काम झालंच समजा.


२२ डिसेंबर, सोमवार

नाही झालं.

रेश्मा कचेरीत जाऊन आली. दुपारी आमच्या दारात उभी, आत आली नाही. "त्या म्हणतात, तूर्त गरज दिसत नाही. घरात सगळं आहे, आजोबा सांभाळतात."

असं म्हणून हसली जरा. ओरडली असती तर बरं झालं असतं.

मी म्हटलं, मी तसं म्हणालो नव्हतो... पण म्हणालो होतो. अगदी तेच. पाहुण्यापुढे म्हणतात तसं. कोणी विचारलं कसं काय, तर बरं आहे म्हणायचं, आणि घरात डाळ नसली तरी जेवून जा म्हणायचं. हाडात मुरलंय. ही बाई पाहुणी नव्हती. ती कमी मोजायला आली होती आणि मी तिला सांगितलं, कमी नाही.

ही : "तिचं घर, तिचं तोंड. तुम्हाला मध्ये बोलायला कोणी सांगितलं होतं?"

जेवण गेलं नाही. ताटावरून उठलो.


२३ डिसेंबर, मंगळवार

रेश्माने सामान परत आणून दिलं. खुर्च्या पुसून, चादर धुऊन, इस्त्रीसारखी घडी. कप कागदात गुंडाळलेले. गठ्ठे घेऊन गेली.

शिऱ्याचं पातेलंही आलं. झाकण काढलं तर आत वाटीभर साखर. रिकामं भांडं परत करायचं नसतं म्हणून.

तिच्या घरची साखर. रेशनची.

हिने पातेलं ओट्यावर ठेवलं आणि माझ्याकडे बघितलंच नाही. मला तोंड लपवायला जागा मिळेना. ती साखर अजून तशीच आहे. चहात घालवत नाही.


२६ डिसेंबर, शुक्रवार

मामा येऊन गेला. माणूस वाईट नाही. घरच्या भाताचे पोहे घेऊन आला होता मुलींना. रेश्माला म्हणाला, "ताय, संक्रांत होऊ दे. मंग येतू न्यायला. तिला काय उपाशी ठेवनार हाव का आमी?"

शाळेचं विचारलं तर म्हणाला, "हाय की शाला. लांब हाय जरा."

संध्याकाळी तन्वी आमच्याकडे. "आबा, परीला वेणी घालता येत नाही. आजी घालतील का?"

ही म्हणाली, घालीन. मी उठून नळ बंद आहे का ते बघायला गेलो. बंदच होता.


२९ डिसेंबर, सोमवार

कचेरीत गेलो. कोणाला न सांगता. पँट इस्त्रीची घालायला घेतली, मग काढून ठेवली, घरातलीच घातली. मग वाटलं, हेही सोंगच. पुन्हा इस्त्रीची घातली. असा वेळ गेला.

बाकावर बसून राहिलो. बाजूच्या बायका आपापलं सांगत होत्या, कोणाचं गळतं छप्पर, कोणाचा दारुडा नवरा. मोठ्याने, सगळ्यांदेखत. मी मान खाली घालून. कशाची लाज वाटायला हवी हेच आपल्याला या वयात कळू नये ना!

मॅडमनी ओळखलं. "अरे, शिरावाले आजोबा!"

मी म्हटलं, "खुर्च्या माझ्या होत्या. मिक्सर पण. पडद्यामागे ओल आहे."

त्या : "त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही दारात आलेल्या..."

"मी कामाला आले होते, आजोबा." मग डोकं धरून जरा हळू : "माझंही चुकलं. पडदा उचलून बघायला हवा होता. शिरा खाल्ल्यावर कसला उचलते."

पुन्हा येईन म्हणाल्या, पण न सांगता. आणि मी लेखी द्यायचं की मुलींना मी पोसत नाही.

लिहिलं. शाळा माझी चौथीपर्यंत, पुढचं कंपनीच्या नोटीस-बोर्डाने शिकवलं, तरी अक्षर बरं आहे माझं. आज मेलं वळेना. "सदर मुली माझ्या कोणी नात्यात नाहीत. त्यांचा सांभाळ मी करीत नाही." खरंच आहे. अधूनमधून वाटीभर आमटी आणि खोकल्याला काढा, याला सांभाळ म्हणत नाहीत. एवढी वर्षं मीच म्हणत होतो.


१ जानेवारी, गुरुवार

रेश्माला सगळं सांगितलं. धागे कापत होती, मान वर केली नाही.

"नात्यात नाही असं लिहिलंत?"

"हो."

कात्री चालूच. पुढची जीन्स ओढत : "बरं केलंत."

ही आमटीची वाटी घेऊन निघाली होती, तिला अडवलं. म्हटलं, नेमक्या त्याच वेळी मॅडम आल्या तर? आमची वाटी तिथे दिसली तर?

रेश्माने आतून ऐकलं. बाहेर आली, हिच्या हातातली वाटी घेतली. "आबा, आधी नसलेलं दाखवलंत, आता असलेलं लपवू नका. येतील तेव्हा मी सांगेन, ही आमटी शेजारची आहे. मला येतं बोलायला."

येतं तिला. मीच बोलू दिलं नव्हतं.


५ जानेवारी, सोमवार

नाही आल्या.

चपलेचा आवाज झाला की मान वळते. गॅसवाला. मग जोशीबुवांची मुलगी. मग कोणीतरी पत्ता विचारणारा.


७ जानेवारी, बुधवार

नाहीत. फोन केला, साहेबांच्या मीटिंगला गेल्यात. तन्वीचे कपडे पिशवीत भरले आहेत, पिशवी खुंटीला. परी ती रोज रिकामी करते आणि रेश्मा पुन्हा भरते.


९ जानेवारी, शुक्रवार

संक्रांत तोंडावर आली. हिने तीळ निवडायला घेतले.

आज मॅडमना पोस्टकार्ड टाकलं. फोनवर माझी जीभ पुन्हा गोड बोलेल, भीती वाटते. आधी त्यांच्या तब्येतीचं विचारलं, उन्हात चालत येऊ नका म्हणून लिहिलं, मग मुद्द्याचं. खाली नाव लिहून कोण म्हणून लिहावं ते सुचेना. आजोबा लिहिणार होतो. शेजारी लिहिलं.

मुद्द्याचा मजकूर इथे उतरवून ठेवतो :

"संक्रांतीच्या आत या. बसायला गठ्ठा मिळेल. चहा मिळाला तर त्यांच्याच कपात, बिनदुधाचा. रेश्माची बोटं निळी आहेत ती बघा. मी आपल्या दारात बसून राहीन, एक अक्षर बोलणार नाही. मामा न्यायला येईल त्याआधी या. यायला जमणार नसेल तर दोन ओळी तरी लिहा, पण लवकर लिहा."