बारातल्या दोन

दि. ४ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला. हात ग्रीसचे होते असं लिहिणार होतो, पण तुला ते पटणार नाही. तू म्हणशील, पंपाच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतास, तेव्हाही हात ग्रीसचेच होते आणि पत्रं वेळेवर येत होती.

हिच्या छातीचं तू विचारलं होतंस. डॉक्टरीणबाई आता आडपडदा ठेवत नाहीत. त्या म्हणाल्या, या घराच्या भिंती मागच्या कालव्याचं पाणी पितात आणि ती ओल हिच्या फुप्फुसात उतरते; घर तेच राहिलं तर औषधं बदलून उपयोग नाही. म्हणून आम्ही तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या घेतल्या. कोरड्या, उन्हाच्या, दवाखान्यापासून चार पावलांवर. किल्ली मिळून दोन महिने झाले. खोल्या रिकाम्या आहेत आणि आम्ही अजून इथेच.

अडलंय माझ्या सायकलींवर. मागच्या पडवीत बारा आहेत. नव्या बाल्कनीत मी तीनदा टेप लावून पाहिलं, दोनच मावतात. कुठल्या दोन, हे ठरत नाही. सकाळी ठरवतो, जेवणापर्यंत मोडतो. पातळ टायरची शर्यतीची ठेवावी, तर तारवाल्याची लाल सायकल माझ्याकडे बघत राहते. बेकरीवाल्याची बेढब आहे, पण पुढे टोपलीची चौकट असलेली तशी पुन्हा मिळायची नाही. दोघांनी पुढेमागे बसून चालवायची ती तर कशी विकू? लग्नानंतर आम्ही तिच्यावरून नदीपर्यंत जायचो. मागे बसून ही पाय हलवतच नव्हती, हे मला चार वर्षांनी कळलं.

हँडलांना चिठ्ठ्या बांधल्या, 'ठेवायची' आणि 'विकायची'. परवा मोजल्या तर ठेवायच्या नऊ निघाल्या. ही खोकते, आणि खोकता खोकता भांडी पोत्यात बांधते. मग स्वयंपाकाला लागतात म्हणून पुन्हा सोडते.

तू सभांमधून एका वाक्यात हजार माणसं हलवलीस. मला एक वाक्य दे.

माझ्यावरचा लोभ थोडा या बाराजणींवरही पसरू दे, ही विनंती.

तुझा,
धाकटा

दि. ९ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अ. उ. आ., आणि सोबत एक कानउघाडणी.

तुझं पत्र दोनदा वाचलं. त्यात सायकलींवर मजकूर किती आणि बायकोच्या छातीवर किती, ते तू स्वतः एकदा बघ.

तुला माहीत आहे, मी तीस वर्षं ग्रंथालय सांभाळलं. दहा वर्षांत ज्या पुस्तकाला कुणी हात लावला नाही, ते मी फळीवरून काढत असे. लोक हळहळत. मी म्हणत असे, हळहळ वाटते तर घरी न्या आणि वाचा. एकानंही नेलं नाही. माणसाला वस्तू हवी नसते, ती आपल्याकडे आहे हे समाधान हवं असतं, आणि ते समाधान नेहमी दुसऱ्या कुणाची तरी जागा खातं. तुझ्या घरात कुणाची खाल्ली, ते सांगायला मी कशाला हवी?

सायकल तर जाण्यासाठीच जन्माला आलेली वस्तू. गिरणीतल्या बायका सायकली मारत पहिल्यांदा आमच्या सभेला आल्या, तो दिवस मला आठवतो. नवरे, भाऊ, सासरे कोपऱ्याकोपऱ्यावर उभे राहून बघत होते. त्या दिवशी मला भाषण करायची गरजच उरली नव्हती. ते त्या चाकांवरून येऊन पोचलं होतं. अशी वस्तू तू पडवीत दावणीला बांधून ठेवलीस.

वाक्य हवं आहे ना, हे घे. चालते ती ठेव, चालत नाही ती विक. मागच्या खेपेस मी आले तेव्हा बारापैकी जेमतेम दोन चालत होत्या. म्हणजे निवड झालेली आहे, तुला फक्त कबूल करायची आहे. महिनाअखेर नव्या पत्त्यावरून पत्र येऊ दे.

रागावणाऱ्या माणसाचाच लोभ जास्त असतो, हे विसरू नकोस.

तुझी,
अक्का

दि. २४ ऑगस्ट

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

तुझं वाक्य पडवीच्या भिंतीवर खडूनं मोठ्या अक्षरांत लिहिलं. इतकं सरळ काही मला कुणी सांगितलंच नव्हतं. त्या दिवसापासून हात थांबलेला नाही.

सांगायला आनंद वाटतो की बाराच्या बारा चालतात.

घडीच्या सायकलीचा बिजागर गंजून एकजीव झाला होता, तो नवा करून बसवला. बेकरीवालीच्या पुढच्या चाकात इतका आऊट होता की ते पिऊन आल्यासारखं डोलायचं. एक एक तार पिळत दोन दिवसांत सरळ केलं. लाल सायकलीच्या मागच्या चाकाच्या हबमधले छर्रे जुन्या मापाचे, कुठे मिळेनात. शेवटी एका भंगारवाल्याकडच्या शिलाई मशीनच्या पायात सापडले. पडवीत उजेड कमी पडतो म्हणून हब सगळे स्वयंपाकघरात रॉकेलनं धुतले. हिला वासाचा त्रास झाला थोडा. खिडकी उघडली होती.

आता अडचण अशी की तुझ्या वाक्याप्रमाणे बाराही ठेवायच्या ठरतात, आणि बाल्कनी तेवढीच आहे. काल पुन्हा टेप लावून आलो. भिंतीला हूक मारून टांगल्या तर तीन मावतील असं वाटतं. घरी येईपर्यंत वाटेनासं झालं. उठतो, पडवीत जातो, एकीची घंटी वाजवून परत येतो. जेवताना मध्येच उठलो, तर हिनं ताट झाकून ठेवलं आणि आपलं जेवण संपवलं.

दुसरं एखादं वाक्य सुचलं तर कळव. पहिलं फार उपयोगी पडलं.

तुझा लोभ आहे म्हणून हात चालतो.

तुझा,
धाकटा

दि. ३० ऑगस्ट

ती. अक्कांना,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र नव्या पत्त्यावरून आहे. तुम्ही महिनाअखेर म्हणाला होतात, ते निम्मं पाळलं गेलं. मी आले आहे. हे तिकडेच आहेत.

भांडून आले नाही. चार दिवसांपूर्वी सकाळी टेम्पोवाला आला, त्यानं एक पलंग, दोन खुर्च्या आणि माझी भांड्यांची पोती चढवली. हे पडवीत एक चाक फिरवून त्याच्याकडे एक डोळा मिटून बघत होते. मी म्हटलं, मी निघते. त्यांना वाटलं बाजारात. येताना चेनचं तेल आण म्हणाले. मी बरं म्हटलं. संध्याकाळी पलंगाची जागा रिकामी दिसली, तेव्हा धावत आले. दारात उभे राहून आधी विचारलं, औषधं आणलीस का. मी हो म्हटलं. मग बाल्कनीकडे बघून परत गेले. रोज असेच येतात आणि जातात.

अक्का, एक लिहू का? तुम्ही मोठ्या आहात, म्हणून आजवर लिहिलं नाही. तुमचं वाक्य सभेत ठीक आहे. आमच्या घरात त्यानं दोन आठवडे रॉकेल आणलं.

इथे ऊन येतं. तीन उशांवर टेकून बसत होते, ती मी आता एका उशीवर झोपते. बाल्कनीत दोन्ही खुर्च्या मांडल्या आहेत. शेजारीण म्हणाली, नवऱ्यानं निवड करायला इतके दिवस लावले, मग तुमचं लग्न कसं जमलं? मी म्हटलं, मला दाखवलाच एक होता, म्हणून लवकर उरकलं.

त्यांना इकडे ये असं मात्र सांगू नका. सांगून आले तर मन पडवीत ठेवून येतील, आणि रोज ते आणायला जातील.

खरं लिहिलं म्हणून माया पातळ करू नका.

तुमची,
धाकटी वहिनी

दि. ३ सप्टेंबर

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

चूक माझी आहे. आयुष्यभर लोकांना वाक्यं वाटली, पण समोर कोण बसलंय ते बघून वाटावीत, ही साधी गोष्ट या वयात शिकते आहे. फिटरला 'चालते ती ठेव' म्हणणं म्हणजे माकडाच्या हाती कोलीत; आणि ते कोलीत मी स्वतः पेटवून पोस्टानं पाठवलं.

दुसरं वाक्य मागितलंस. देणार नाही. कुठे जा, कुठे राहा, हेही लिहायची मला मनाई आहे, आणि ती मी पाळणार आहे. एवढंच विचारते. चार वर्षं ती तीन उशांवर टेकून रात्र काढत होती, हे तुला दिसत होतं का? आता ती एका उशीवर झोपते. तू रोज जाऊन येतोस, तर पलंगाकडे एकदा बघ.

तुझ्या उत्तराची वाट बघते. या खेपेस माझ्याही पायाला चैन नाही; तीन वेळा टपालपेटीपर्यंत जाऊन आले.

तुझीच,
अक्का

दि. १७ सप्टेंबर

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

उशा मला दिसत नव्हत्या. दिसत होत्या, पण त्या मी उशा म्हणून बघत होतो.

तुझं पत्र आलं त्याच सकाळी दहा सायकली रस्त्यावर काढून भिंतीला लावल्या. ज्यानं थांबून चालवून पाहिली, त्याला विकली. बेकरीवाली दवाखान्याच्या धोब्यानं घेतली. दोघांची सायकल शिवणकाम करणाऱ्या दोन बहिणींनी नेली, आणि पुढे कुणी बसायचं यावरून त्या माझ्या दारातच भांडल्या. तीन दिवसांत दहाही गेल्या. गिऱ्हाईक वळणाआड गेलं की मी आत जाऊन पाणी पीत होतो. दिवसभर पाणीच प्यालो.

लाल आणि शर्यतीची एवढ्या दोन ठेवल्या. परवा दोन्ही नव्या घरी आणल्या. शर्यतीची जिन्याखाली टेकवून लाल खांद्यावर घेतली. दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो आणि कान लावला. चार वर्षं मी हिला खोकल्यावरून शोधत आलोय. खोकला आला की कळतं, ही कुठल्या खोलीत आहे. वरून काहीच ऐकू येईना. सायकल तिथेच कठड्याला टाकली आणि उरलेल्या पायऱ्या कशा चढलो ते माहीत नाही.

ही खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होती. इतकं धापायला काय झालं, असं विचारलं. मी म्हटलं, तुझा आवाज नव्हता. तिनं माझ्याकडे बघितलं, दुसऱ्या खुर्चीवरचे कपडे उचलून मांडीवर घेतले आणि ते आवरत बसली. मी बसलो. मग रात्रीही तिकडे गेलो नाही.

सकाळी लाल सायकल उचलून खाली नेली आणि शर्यतीचीच्या शेजारी ठेवली. कुलूप लावलेलं नाही; ज्याला हवी त्यानं न्यावी. बाल्कनीतून जिन्याखालचं दिसत नाही, वाकावं लागतं. मी वाकतो. ही म्हणते, पडाल. बसतो, पुन्हा उठतो.

लाल काल गेली. शर्यतीचीला अजून कुणी हात लावलेला नाही. इतकी चांगली सायकल, लोकांना कळू नये याचं नवल वाटतं.

हिचा नमस्कार. लोभ आता दोघांच्या नावे या पत्त्यावर पाठव.

तुझा,
धाकटा