दोन वावरांमधला धुरा

१२ जून
परमेश्वर भावजीनं यंदाबी धुरा कोरला! इकडं आमचं वावर, तिकडं त्यांचं, मधी हा धुरा, गवताचा बांध. मी लग्न होऊन हट्टा गावी आले तवा यावरून बैलगाडी जायची. आता चालायला गेलं तर एक पाय हळदीत. दर सालाला ट्रॅक्टरचं एक तास, नांगराची एक ओळ, इकडं सरकवतेत. भाऊकीतले म्हणून तोंड दाबून बसायचं का?

मालकाला सांगितलं. तर म्हणे, "जाऊ दे ना शिला, कायचं गवत घेऊन बसलीस." गवत! मग माझ्या शेळ्या काय हळदीची पानं खातेत?

८ जुलै
आज तर हद्द झाली. भावजी पाठीवर पंप घेऊन धुऱ्यावर तणनाशक मारून राहिले. पळत गेले. म्हणलं, काहून मारता? हसले! "वहिनी, धुऱ्यावर तण ठेवलं की हळदीत रोग येतो." कुणी सांगितलं? "दुकानदारानं." व्वा! तो तर औषध इकणारच. धुरा रुंद व्हता तवा कुठं एवढा रोग व्हता?

तरोट्याची, पाथरीची भाजी मी इथूनच खुडायचे. बोरीखाली तितराची पिल्लं पळायची. ओढ्यापलीकडचा माळ केव्हाच हळदीखाली गेला. कुणी काही पेरलं न्हाई अशी एवढीच जागा उरली, तीबी यांना बघवेना. ज्वारी तर गावातून उठलीच. शेतकऱ्याच्या घरची भाकर किराणा दुकानातून येते. पिशवी घेऊन जायला लाज वाटते मला.

१३ जुलै
समदं पिवळं पडलं. शेळ्या दारात बांधून ठेवल्या, वरडून राहिल्या. मीबी.

२८ ऑगस्ट
रातभर पाऊस कोसळला. वावरात जाऊन बघते तर हळदीचे बेड फुटलेले, कंद उघडे. गवताची मुळं पाण्याला अडवायची, माती धरायची. आता धरायला काय हाय तिथं? आमची काळी माती भावजीच्या वावरातून थेट ओढ्यात. ओढा चहासारखा! मी तिथंच उभी राहून वरडले — "खा आता माती!"

भावजी छत्रीखालून म्हणतेत कसे, "तुमच्या मालकानंबी कोरलाय की धुरा. त्यांना इचारा."

घरी येऊन इचारलं. मालक जेवत व्हते. मान वर केली न्हाई. म्हणजे खरं! आग झाली नुसती अंगाची. म्हणलं, सरकारी मोजणी आणा. एकदाच्या खुणा पडू द्या, दोघांच्याबी हाताला लगाम लागंल.

२९ ऑगस्ट
मालक म्हणले, "आणतो मोजणी, पण तोंड बंद कर." करते. आणा तर आधी.

९ एप्रिल
हळद निघाली. वावर मोकळं झालं म्हणून उद्या मोजणी हाय. मेलं म्हणलेलं गवत पावसाळ्यात बोरीभवती परत फुटलं व्हतं, वाळून उभं हाय अजून. आज त्यातून एक तितर उडालं. एवढं औषध मारूनबी! लई बरं वाटलं. उद्या काय व्हतंय काय की.

१० एप्रिल
झाली मोजणी! साहेबानं खुणा रोवल्या. धुरा बोरीसकट समदा आमच्या हद्दीत निघाला! भावजीचं तोंड बघण्यासारखं झालं. समद्यांना चहा केला, त्यांनाबी दिला. साखर जास्तच टाकली. आता कोण हात लावतो ते बघतेच.

११ एप्रिल
मालकानं उद्यासाठी ट्रॅक्टर सांगितला. धुरा नांगरायला! बोरबी काढणार. "आता आपलाच हाय ना. हळदीचे दोन बेड वाढतेत." मीच मागितलेली मोजणी!

उजाडायच्या आत शेळ्या घेऊन बोरीखाली बसते. भावजीला लई वरडले. आता मालकाची पाळी. येऊ दे ट्रॅक्टर.