कलम सात आणि दहा नंबरची जर्सी

२ नोव्हेंबर, रविवार
मॅच जिंकली, २-१. जोगेश्वरीच्या आमच्या क्लबचा अध्यक्ष म्हणून माझं हे तिसरं वर्ष आणि आपण टेबलात तिसरे. याला गव्हर्नन्स म्हणतात. तरी कोच कुंडलिकने टीमपुढे बोलताना माझं नाव घेतलं नाही. हा वेसाव्याचा कोळी. पहाटे मासळीचा धंदा, मग कोचिंग, आणि गोलकीपरही तोच. एका माणसाकडे इतकी पदं म्हणजे हुकूमशाही. पाण्याच्या ड्रमला लाथ घातली. ड्रम भरलेला होता. अंगठा काळानिळा.
क्लब माझ्या बाबांनी काढला, गिरणी बंद पडल्यावर. त्यांचं खेळणं बघायला मी कधी गेलो नाही, अभ्यास असायचा. पण जर्सी दहा नंबरचीच असणार. म्हणून तो नंबर लीगमध्ये दरवर्षी मी माझ्या नावावर रजिस्टर करतो. खेळत नाही. मान असतो.
संकल्प: यापुढे कोणावर हात उचलायचा नाही. पायही.

५ नोव्हेंबर, बुधवार
कमिटीची मीटिंग. नऊ जण. आमच्याकडे टीम हात वर करून निवडतात, कारण लोकशाही आहे. कुंडलिक आत घुसला आणि लेफ्ट बॅक कोण हे मतदानाने कसं ठरतं ते विचारायला लागला. मी शांतपणे पितळी घंटा उचलली. वाजवायलाच. ती हातातून सुटून सेक्रेटरी सुशांतच्या कपाळावर वाजली. तीन टाके. सुशांतने माझी कॉलर धरली, मी त्याचा कान. दोन खुर्च्या मोडल्या, त्यातली एक माझ्या पाठीवर.
अशा खेळीमेळीच्या वातावरणात मी कलम सात मंजूर करून घेतलं. पदाधिकारी मैदानात उतरणार नाही, खेळाडू कमिटीत तोंड उघडणार नाही. कुंडलिकने शिट्टी टेबलावर ठेवली आणि निघून गेला. सुटलो.
नवा कोच माझा मेहुणा चंद्रप्रकाश. गोविंदा पथकाला सात थर लावायला शिकवतो. सध्या सीझन नाही, मोकळा आहे. बायको रत्नप्रभाचं म्हणणं, तिच्या भावाने जन्मात बॉलला पाय लावलेला नाही, क्लबची पार वाट लागेल. मी घराणेशाहीच्या विरोधातच आहे. पण हे घराणं तिचं आहे, माझं नव्हे.

९ नोव्हेंबर, रविवार
०-५. पण पद्धत नवी आहे, वेळ लागणारच.
समोरच्यांना फ्री किक मिळाली. चंद्रप्रकाशने भिंत उभी केली, दोन थरांची. खाली चार, खांद्यावर तीन. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. रेफ्री शिट्टी फुंकून खाली उतरा म्हणून ओरडत होता. आमच्या पोरांना वाटलं सलामी द्यायची आहे. तेवढ्यात भिंत कोसळली. एकाचं कॉलरबोन गेलं. आता खेळायला चौदाच उरले.
मग मारामारी. कॉर्नरचा झेंडा उपटून कोणीतरी माझ्या बरगडीत खुपसला. मी कोणावरही हात उचलला नाही. चावलो फक्त.

२३ नोव्हेंबर, रविवार
सलग तिसरी हार. चंद्रप्रकाशला घरी बोलावून समज दिली. त्याने मला दिली. टीव्ही फुटला. रत्नप्रभाने दोघांना लाटण्याने बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. चंद्रप्रकाश शिट्टी घेऊन पळाला तो फोन उचलत नाही. कोचची गरज नाहीच. खरा क्लब बोर्डरूममध्ये चालतो.

३० नोव्हेंबर, रविवार
सुशांतने अविश्वास ठराव आणला. माझे आठही सहकारी माझ्याविरुद्ध. मी मात्र आधीच खास अधिकारात आठ नवे उपाध्यक्ष नेमले होते. सगळे आपल्याच टीममधले पोरगे. शाल, श्रीफळ, लेटरहेडवर नाव. ९-८ ने जिंकलो! यंदाचा सर्वात मोठा विजय. नंतर नारळांची फेकाफेक झाली. डोक्याला टेंगूळ, पण खुर्ची शाबूत.
आजची मॅच हरलो बहुतेक. विचारायचं राहिलं.

६ डिसेंबर, शनिवार
उद्या शेवटची मॅच. हरलो तर खालच्या डिव्हिजनला. बाबांच्या क्लबला खाली गेलेलं मी बघणार नाही. जीव द्यावा लागला तरी चालेल.
सुशांतने लीगचे काही कागद सहीला आणले. उपाध्यक्षांचे फोटो कोणत्या भिंतीवर लावायचे ते चाललं होतं, त्यामुळे न वाचताच सह्या केल्या. माझा दहा नंबर ठेवायचा का, एवढं त्याने विचारलं. ठेव म्हटलं.

७ डिसेंबर, रविवार. डाव्या हाताने लिहितोय
मैदानावर आमचे सहाच जण. आठ उपाध्यक्ष मांडवात शाली पांघरून बसलेले. सुशांतने कलम सातप्रमाणे त्यांची नावं यादीतून काढली होती. सही माझी. सातवा माणूस नसेल तर मॅचच नाही. यादीत सातवं नाव एकच, दहा नंबर. पण मीही पदाधिकारी. रेफ्री घड्याळ बघत होता. सुशांतने कागद आणि पेन पुढे केलं.
राजीनामा दिला. तात्पुरता, दीड तासाचा.
गोलकीपर नव्हता म्हणून गोलमध्ये उभा राहिलो. कॉर्नर आला की कीपरने बॉलला ठोसा मारायचा असतो, एवढं टीव्हीवर बघितलं होतं. मारला. बॉल चुकला. आमच्याच डिफेंडरचं नाक फुटलं. त्याने उलट मारला, त्याचा चुकला नाही. जबडा गेला, पडताना उजवं मनगटही. त्याला रेड कार्ड, मला स्ट्रेचर. माणसं पाच उरली, मॅच तिथेच बंद. तेव्हा स्कोअर ०-९ होता, पण नियमाप्रमाणे ०-३ धरणार. म्हणजे सहा गोल मी अडवलेच.
क्लब खाली गेला. हाफटाइमलाच मांडवात राजीनामा मंजूर झाला होता म्हणे. सर्वानुमते. माझ्या काळातला पहिला एकमुखी ठराव.

११ डिसेंबर, गुरुवार. हॉस्पिटल
जबडा तारेने बांधलाय. नवा अध्यक्ष कुंडलिक भेटायला आला, डब्यात बोंबलाचं पातळ सार. कलम सात रद्द केलं, पदं फक्त पाच ठेवली, खालच्या डिव्हिजनमधून पुन्हा चढू, म्हणाला. तिसरा राखीव गोलकीपर म्हणून येशील का, असं विचारलं. सकाळी सहाला, आरेच्या मैदानावर. मला सांगायचं होतं की नेमणूक लेटरहेडवर हवी, आणि नुसतं तिसरा नको, वरिष्ठ तिसरा. तोंड उघडेना. मान हलवली.
जाताना त्याने दहा नंबरची जर्सी परत मागितली. बाबांची म्हणून ठेवली आहे, असं पाटीवर लिहून दाखवलं. तो पुन्हा खुर्चीवर बसला. मग म्हणाला, बाबांचा नंबर एक. पन्नाशीपर्यंत गोलमध्ये उभे राहिले. त्यालाही त्यांनीच शिकवलं. अध्यक्ष व्हा म्हणून लोक मागे लागायचे, तर म्हणायचे, मग गोलमध्ये कोण उभं राहणार.
मला माहीत नव्हतं.